वायर कुठेच जोडलेली नव्हती

मेदनकरवाडी, चाकण
२ डिसेंबर २०२४

जयसिंग,

वायर कुठेच जोडलेली नव्हती. प्रयोग संपल्यावर सगळे तुझ्याभोवती गोळा झाले होते, सेल्फी चालले होते, तेव्हा मी माझ्या कॅमेऱ्याची काळी वायर हातात धरून तिच्यामागे रंगमंचाच्या कडेपर्यंत आले. तुझ्या टेबलाखाली तिचं टोक जमिनीला चिकटपट्टीने नीट चिकटवलेलं होतं. कुणाचा पाय अडकू नये म्हणून. म्हणजे ती निसटली नव्हती. तू ती जोडलीच नव्हतीस.

आणि मी रंगमंचावर गुडघे टेकून, श्वास रोखून, आईच्या हातांचा फोकस सांभाळत होते. कुणासाठी सांभाळत होते?

हे कागदावर लिहिते आहे, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं की तू त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतोस आणि खाली हसरे चेहरे येतात. विजयश्री तुमच्या निगडीतच राहते, रोज तालमीला येते, तिच्या हाती पाठवते आहे. तिने वाचलं तरी हरकत नाही.

काय झालं ते तुला ठाऊक आहे. पण तू ते ज्या पद्धतीने सांगत फिरतोस तसं ते झालेलं नाही, म्हणून एकदा माझ्या अक्षरात तुझ्याकडे असू दे.

आपल्या एकांकिकेत माझी आई रंगमंचाच्या मधोमध टेबलाशी बसते आणि कंपनीत रोज करते तेच काम करते. साच्यातून निघालेल्या रबरी वॉशरच्या कडेला पातळ पापुद्रा राहतो, तो छोट्या कात्रीने कापायचा. वॉशर उचल, फिरव, काप, टाक. कंपनीत याला ट्रिमिंग म्हणतात, आपल्या एकांकिकेचं नावही तेच. मागे पडद्यावर आईचे हात, माणसाहून मोठे. मी कॅमेरा धरायचा, तू कॉम्प्युटर सांभाळायचा. आईला एकही वाक्य नाही. तरी ती तयार होत नव्हती. ‘मला कुटं बोलता येतंय नाटकात?’ मी म्हटलं, आई, बोलायचं नाही. तू आत्ता जे करशील तेच आत्ता मागे दिसेल. ती जरा विचार करून म्हणाली, ‘म्हंजी आरसा.’ तेव्हापासून आमच्या घरात कॅमेरा, वायरी, प्रोजेक्टर या सगळ्या पसाऱ्याचं नाव आरसा. आमच्या घरात पहिली पदवी माझी. माझं कॉम्प्युटरमधलं म्हणणं घरात कुणी तपासत नाही, खरंच मानतात. त्या एका शब्दावर विश्वास ठेवून ती धाराशिवकडची बाई पुण्याच्या नाट्यगृहात येऊन बसली होती.

शनिवारी स्पर्धेच्या प्रयोगात मध्येच तिचा पदर खांद्यावरून घसरला. कात्री खाली ठेवून तिने तो सावरला. पडद्यावर हात वॉशर कापतच राहिले.

नाट्यगृह एकदम गप्प झालं. त्या शांततेनेच आईने मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं. पडद्यावरच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती. रंगमंचावरच्या आईचा अंगठा केव्हाच बरा झाला होता. पट्टी होती ती तालमीत, ज्या दिवशी तू म्हणाला होतास, ‘मावशी, जरा रेकॉर्ड करून ठेवतो हं, लायटिंग बघायला.’

मग टाळ्या पडल्या.

आई त्या टाळ्यांना घाबरली. उरलेला सगळा वेळ तिने मान वर केली नाही. मागून कुणी हाकत असल्यासारखी भराभर कापत राहिली. तुम्ही सगळे जेवायला गेलात, आम्ही बस धरली. नाशिक फाटा गेल्यावर तिने विचारलं,

‘वर्षे, ती कोन हुती गं?’

‘कोण?’

‘पडद्यावरची.’

याचं उत्तर मी का देऊ? तू दे.

वर्षाली


मेदनकरवाडी
१० डिसेंबर

जयसिंग,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. पत्राला उत्तर आवाजाने देतोस, म्हणजे पुढेमागे तो डिलीट करून ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणता येतं. म्हणून तुझं वाक्य इथे उतरवून ठेवते. ‘अगं वर्षाली, तू फार इमोशनल होतेस. लाईव्ह असणं महत्त्वाचं नाही, लाईव्ह वाटणं महत्त्वाचं. आणि बघ ना, अ‍ॅक्सिडेंट किती भारी झाला!’

भारी.

परीक्षक म्हणाले, कामगार बाई थांबते पण तिचे हात थांबत नाहीत, व्यवस्थेवर इतकं नेमकं भाष्य आम्ही अलीकडे पाहिलं नाही. तू मान खाली घालून नम्रपणे हसलास. तो क्षण तू लिहिला नव्हतास, बसवला नव्हतास. ते भाष्य नव्हतं, जयसिंग. चोरी उघडी पडली होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आणि त्यांनी चोराला बक्षिसाची ढाल दिली.

आता तू म्हणतोस की नाशिकच्या अंतिम फेरीत आईने बरोबर त्याच जागी थांबायचं. पदर तिथेच घसरला पाहिजे. दोन-चार तालमी केल्या की जमेल. माझ्या आईने पदर पाडायच्या तालमी करायच्या! हे बोलताना तुझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. मी ते परत परत ऐकून पाहिलं.

हे सगळं त्या चंदेरी लॅपटॉपपासून सुरू झालं आणि तुला ते कबूल करायचं नाही, एवढंच आहे.

मी सप्टेंबरमध्येच तुला सांगितलं होतं. जुना घेऊ, जाड घेऊ. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला, आत पंखे असलेला, प्रोजेक्टरची वायर थेट बसेल असा. दिसायला कसाही असो. असेंबल केलेला डबा आणखी स्वस्तात पडला असता, पण तो, त्याचा मॉनिटर आणि आई यांना घेऊन मी बसमध्ये कशी चढणार, म्हणून लॅपटॉप. फिल्म एडिट करताना कॉम्प्युटर दमला तर चालतं, आपण चहाला जातो, तो त्याचं त्याचं करत बसतो. इथे त्याला दमायची मुभा नाही. आईचा हात हलला की पडद्यावर हलला पाहिजे. थोडासा उशीर झाला तरी बघणाऱ्याला खटकतं, काय खटकतंय ते सांगता येत नाही पण त्याचं मन त्यातून उठतं.

तू म्हणालास, ‘अगं, तो स्टेजवर दिसणार ना! भंगारातला डबा ठेवायचा का तिथे?’

आणि ग्रुपने साठवलेले सगळे पैसे त्या पातळ वस्तूत घातलेस. त्याला पंखाच नाही. वायर लावायला दोन भोकं, त्यातलं एक चार्जरने अडवलेलं. मग दुसऱ्यात अ‍ॅडाप्टरची एक डबी, त्या डबीत दुसरी डबी, तिला कॅमेरा आणि प्रोजेक्टर लोंबकळलेले. पहिल्याच तालमीत तो तापला. आईचे हात अडखळले, मग मागे पडायला लागले, मग ती एक वॉशर टाकून दुसरा उचलायची तेव्हा पडद्यावर पहिलाच चाललेला असायचा. आई म्हणाली, ‘आरशाला झोप लागली व्हय?’ सगळे हसले. तू सगळ्यात मोठ्याने.

त्या दिवशी तुला म्हणता आलं असतं की चुकीचा घेतला, परत करू. कुणी काही बोललं नसतं. मी तर नक्कीच नाही. तू त्याऐवजी रेकॉर्डिंग केलंस आणि मला कॅमेरा धरून बसवलंस. मी खरीखुरी वाटावी म्हणून मलाच सांगितलं नाहीस.

आईच्या कंपनीत शिफ्ट सुरू झाली की प्रत्येकीने कापलेला पहिला पीस तपासून घ्यायचा असतो. भिमाबाई म्हणून आहेत, त्या तो उजेडात धरतात, बोट फिरवतात, ‘ओके’ म्हणतात आणि हिरवा ठिपका देतात. तो पीस शिफ्ट संपेपर्यंत टेबलावर समोर राहतो. पुढचा सगळा माल त्याच्यासारखा हवा. पहिला पीस एक दाखवायचा आणि मागून दुसराच माल चालवायचा, असं कुणी केलं तर त्या बाईला त्याच दिवशी घरी पाठवतात.

तुला नाशिकला पाठवताहेत.

आई येणार नाही. मीही नाही. ते रेकॉर्डिंग पुसून टाक आणि पुसलंस असं लेखी कळव.

वर्षाली


मेदनकरवाडी
२० डिसेंबर

जयसिंग,

गुरुवारी आईला सुट्टी असते आणि मी चिखलीला क्लासवर शिकवायला जाते, हे दोन्ही तुला माहीत आहे. म्हणून तू मागच्या गुरुवारी घरी आलास. पेढे घेऊन.

आई म्हणते, ‘पोरगं गोड बोलतं.’ मग तुझं गोड बोलणं तिने मला जसंच्या तसं सांगितलं. तिला खोटं रचता येत नाही, त्यामुळे तुझ्या आवाजाची नक्कलही झाली.

‘मावशी, वर्षालीला समजावा हो. तुम्हाला काय, नुसतं बसायचंय.’

‘नुसतं बसायला मी कशापायी पायजे?’

‘तेही खरंय. तसं तर तुमच्यावाचूनही होईल म्हणा.’

याचा अर्थ तिला तेव्हा लागला नाही. मला लागला, विजयश्रीचा फोन आला तेव्हा. टेबलाशी आता ती बसणार. मागे आईचे हात. ‘वर्षाली,’ ती म्हणाली, ‘मला कसंतरी होतंय. तो मला अंगठ्याला पट्टी बांधायला सांगतोय. मॅच व्हायला.’

तो अंगठा कसा कापला ते मी तुला सांगितलं होतं, तुझ्या गाडीच्या मागच्या सीटवर बसून. नवीन कात्र्या मागितल्या म्हणून सुपरवायझरने आईला सगळ्या लाइनीसमोर सुनावलं होतं आणि बोथट कात्रीला जोर लावताना ती सटकली. तू ‘ओह’ म्हणाला होतास. आता ती पट्टी तुझी प्रॉपर्टी झाली. जखम आईची, पट्टी विजयश्रीला, ढाल तुला.

मी स्पर्धेच्या आयोजकांना फोन केला. तुला कळलंच असेल. त्यांचं उत्तर असं, ‘मॅडम, व्हिडिओ लाईव्हच असावा असा आपल्या नियमात उल्लेख नाही.’ मी म्हटलं, बाईला न विचारता तिचे हात दुसरीला लावावेत असा आहे का? ते म्हणाले, ‘हा तुमचा अंतर्गत विषय.’

ठीक आहे. मग मी माझ्या अंतर्गत विषयाकडे लक्ष दिलं. काल क्लासला दांडी मारून आईला घेऊन तळवड्याला गेले. आयटी पार्कच्या बाहेर कंपन्यांनी काढून टाकलेले लॅपटॉप विकणारी दुकानं आहेत. त्यातल्या एकाचा मालक विक्की, केसांत एक सोनेरी पट्टा.

‘बोला ताई. गेमिंग का एडिटिंग?’

‘दोन्ही नाही. लाईव्ह व्हिडिओ.’

‘मग लग्नाचं मिक्सिंग म्हणा ना! हा घ्या. कीबोर्डला सात कलरची लाईट. स्टेजवर एक नंबर दिसतो.’

‘दिसायला नकोय मला.’

‘दिसायला नको?’ त्याने आईकडे पाहिलं. ‘मावशी, अशी कस्टमर पहिलीच.’

खालच्या फळीवर एक होता. काळा, विटेसारखा, कोपऱ्यातला कुठल्यातरी कंपनीच्या नंबराचा स्टिकर अर्धवट खरवडलेला. इंजिनिअर लोक त्याच्यावर मशिनची ड्रॉइंग करायचे म्हणे. वेगळं ग्राफिक्स कार्ड, दोन पंखे, प्रोजेक्टरच्या वायरीला जागा, डबी नको काही नको. बॅटरी मेलेली, म्हणजे प्लगपासून लांब जायचं नाही. आईने तो उलटापालटा करून पाहिला.

‘ह्याचंबी कंत्राट संपलं व्हय?’

विक्की हसत सुटला. ‘संपलं मावशी. पण कामाला अजून कडक आहे.’

‘तेच म्हनते मी.’

मी पिशवीतून कॅमेरा काढला आणि वायर जोडली. जोडली, जयसिंग. आईला म्हटलं, टाळी वाजव. तिने वाजवली आणि डोळ्याला फरक कळला नाही. तिने अचानक परत वाजवली, त्याला फसवायला. फसला नाही. मग मी विक्कीला म्हटलं, हा आता असाच चालू राहू दे, चांगला तापेपर्यंत. ‘ताई, कॉम्प्युटर घेताय का सोयरीक जमवताय?’ असं म्हणाला, पण चहा त्यानेच मागवला. आई चहा पीत होती आणि स्क्रीनवरची आईही चहा पीत होती, बशीत ओतून, फुंकर मारून. मी लॅपटॉपच्या पोटाला हात लावत बसले होते. गरम झाला. अडखळला नाही. पंखे मात्र असे घोंगावतात की शांततेच्या जागी शेवटच्या रांगेला ऐकू येतील. येऊ देत. आईच्या शेडमधले याहून मोठ्याने ओरडतात.

‘आरसा वेळेवर हाय,’ आई म्हणाली.

माझ्या क्लासच्या पगारात तो बसला. तुझा चंदेरी नसता बसला. हे तुला डिवचायला लिहीत नाही. (लिहिते आहे.) इतके दिवस तू ग्रुपमध्ये सांगत होतास की लाईव्ह आपल्याला परवडत नाही. परवडत होतं. तुला ते दिसायला आवडलं नव्हतं.

रेकॉर्डिंग पुसल्याचं अजून कळवलेलं नाहीस.

वर्षाली


मेदनकरवाडी
२७ डिसेंबर

जयसिंग,

हे पत्र विजयश्री आणणार नाही. ती काल इथे होती आणि आता तुझ्याकडे येणार नाही म्हणाली. तेव्हा मीच निगडीला येऊन तुमच्या बंगल्याच्या फाटकातल्या पेटीत टाकते आहे. बेल वाजवणार नाही.

उद्या तुमचा नाशिकचा प्रयोग. तू तिच्या जागी कुणाला तरी बसवशील. पट्टी काय, कुणालाही बांधता येते.

काल आम्ही आमचा केला. तुला बोलावलं नव्हतं, म्हणून सांगते.

आमच्या खोल्यांचे मालक दत्तोबा. गावचे जुने लोक, त्यांची जमीन कंपनीत गेली, उरलेल्या तुकड्यावर आम्ही भाडेकरू. त्यांच्या घराची आडवी भिंत मागायला गेले, तर म्हणाले, ‘घ्या की. पांढरी हाय. पर खिळा मारायचा न्हाई, आधीच सांगतो.’ खिळा मारावा लागला नाही. क्लासमधला प्रोजेक्टर आणला, दत्तोबांच्या पडवीतून लाईट घेतली. आईने तिच्या लाइनीतल्या बायकांना सांगितलं होतं. सुट्टीच्या दिवशी त्याच कामाकडे बघायला कोण येणार असं मला वाटत होतं. आल्या. पोरं घेऊन, पोळ्या करून, नीट साड्या नेसून. भिमाबाईही आल्या, पुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या, तपासायलाच आल्यासारख्या.

दिवेलागण झाली तसं भिंतीवरचं चित्र दिसायला लागलं. संवाद नव्हते. संवाद तू लिहिले होतेस, ते मला नको होते. आई टेबलाशी बसली, मी कॅमेरा धरला. विजयश्री लॅपटॉपपाशी थांबली, वायर हलू नये म्हणून.

आईने पहिला वॉशर कापला आणि काय मनात आलं कोण जाणे, तो चिमटीत धरून सरळ कॅमेऱ्यापुढे केला. भिंतभर तो एकच वॉशर, दारापेक्षा मोठा, त्याची कड दिसेल असा. मी फोकस लावला.

‘जरा फिरव,’ भिमाबाई म्हणाल्या.

आईने फिरवला. भिंतीवर फिरला.

‘ओके!’

काय हसल्या सगळ्या! दत्तोबाही हसले, त्यांना काही कळलं नसताना. मग आई कापायला लागली आणि हळूहळू हसणं बंद झालं. त्या बायका रोज एकमेकींशेजारी बसतात, पण मान खाली घालून, नजर आपापल्या कात्रीवर. एकमेकींचे हात त्यांनी कधी असे पाहिलेले नसणार. ऐकू येत होते ते फक्त लॅपटॉपचे पंखे. एक पोरगी तिच्या आईला विचारत होती, ‘तुझे हात पण असे होतात?’ आणि तिची आई तिला गप्प करत होती.

मध्येच आई थांबली. पदर घसरला नव्हता. तिने कात्री खाली ठेवली आणि दोन्ही पंजे टेबलावर पालथे टेकवले.

भिंतीवरचे हात थांबले.

मी कॅमेरा छातीशी टेकवून स्थिर धरला. ते हात तिथे होते, रेषांमध्ये रबराचं काळं बसलेले, अंगठ्यावर भरलेल्या जखमेचा पांढरा वण. काही करत नव्हते. आईने मागे वळून पाहिलं. मग तिने करंगळी हलवली. भिंतीवर हलली. परत हलवली. ती खात्री करून घेत होती, जयसिंग. तू तिला एवढंही उरू दिलं नव्हतंस.

टाळ्या पडल्या नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, ‘बसू दे गं जरा तिला. सुपरवायझर नाही आला अजून.’ आणि आई बसली. मनाला येईल तितका वेळ. मग तिनेच उठून चहा ठेवला.

भांडी घासताना मी तिला तुझ्या फायलीबद्दल सांगितलं. परवा नाशिकला ते तुझे हात दाखवणार आहेत, मी काही करू शकले नाही. तिने ताट विसळलं, पालथं घातलं.

‘राहू दे त्याच्यापाशी,’ ती म्हणाली. ‘ते माजं हात न्हाईत. माजं थांबत्यात.’

आईचं म्हणणं तुला कळवणं माझं काम होतं, ते केलं. ते वाचून तुला हलकं वाटलं असेल. बाई किती मोठ्या मनाची, असं तू उद्या माइकवर बोलूनही दाखवशील.

पण मी आई नाही. फाइल पूस.

वर्षाली